गर्दी चालेल हो, पण बस नक्की येणार कधी?

धायरीची_अनु | सोमवार, रात्री ९:४८

आज तिसरा लेट मार्क लागला. आमच्याकडे तीन लेट मार्क म्हणजे अर्धी रजा, आणि महिना अजून अर्धाही सरलेला नाही. जेवणं झाली, भांडी सिंकमध्ये तशीच पडली आहेत आणि मी हा धागा काढून बसलेय, यावरून डोकं किती फिरलंय ते समजून घ्या.

मी राहते पुण्यात, धायरीला, ऑफिस कल्याणीनगरला. घराजवळून स्वारगेटपर्यंत बस, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्टेशनला बदलून दुसरी मेट्रो, पुढे दहा मिनिटं चालत. यातला मेट्रोचा भाग मी घड्याळ लावून सांगू शकते. चालायचा भाग माझ्या पायांच्या हातात आहे. उरले ते धायरी ते स्वारगेट हे आठ-नऊ किलोमीटर. सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

गेले तीन आठवडे, कामाचे पंधरा दिवस, मी थांब्यावर पोचल्यापासून बसमध्ये पाय ठेवेपर्यंतचा वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवतेय. सगळ्यात कमी २ मिनिटं. सगळ्यात जास्त ४१. सरासरी काढली तर १४. ऐकायला १४ मिनिटं काहीच नाहीत. पण १४ धरून निघाले तर आठवड्यातून दोनदा उशीर होतो, त्यामुळे मी रोज ४१ धरून निघते. म्हणजे ज्या दिवशी बस लगेच मिळते त्या दिवशी मी ऑफिसच्या खाली कट्ट्यावर अर्धा तास बसून असते. सफाईवाल्या मावशी आता मला चहा विचारतात.

आजचं ऐका. ७:५० ला थांब्यावर. ॲपवर 'बस ४ मिनिटांत'. आठ वाजता चार मिनिटं. आठ दहालाही चारच मिनिटं. आठ सोळाला दोन बस एकामागोमाग आल्या. पहिली भरलेली, न थांबताच गेली. दुसरी थांबली, पण थांब्याच्या पुढे पन्नास पावलांवर, म्हणजे आम्ही सगळे पर्स, डबे आणि एक आजोबा यांच्यासकट धावत सुटलो. चढल्यावर बघते तर आत बसायला जागा! मग त्या पहिल्या बसनं कोणाला कोंबून नेलं आणि का?

एक आधीच सांगते, गर्दीची तक्रार नाही. मी डोंबिवलीत वाढलेय. कॉलेजची तीन आणि नोकरीची चार वर्षं लोकलनं काढली. एका पायावर उभी राहून जर्नलं पूर्ण केलीत. गर्दीनं अंग दुखतं. बस येईल की नाही हे कळत नाही तेव्हा मात्र डोकं दुखतं, आणि ते ऑफिसात गेल्यावरही थांबत नाही.

तुम्ही लोक काय करता? 'गाडी घ्या' हा सल्ला कृपया नको. खांद्याचं ऑपरेशन झालंय, दुचाकी चालवायची मनाई आहे.

बुलेटराजा | रात्री ९:५५

गाडी घ्या म्हणू नका म्हणालात म्हणून म्हणत नाही.

पण गाडी घ्या. चारचाकी. ऑटोमॅटिक.

धायरीची_अनु | रात्री १०:०१

@बुलेटराजा, हप्ते तुमच्या खात्यातून वळते करून देता का?

सातबारा | रात्री १०:१४

आधी खुलासा: आयडी बघून दोन जणांनी मला फेरफार नोंदीबद्दल विचारलंय. माझा महसूल खात्याशी संबंध नाही. मी एके काळी डोंबिवलीहून ७:१२ ची पकडायचो. वेळापत्रक किती वेळा बदललं, नाव तेच राहिलं.

अनु, माहेरचं सगळं गोड लागतं गं. तू गेलीस त्याला किती वर्षं झाली? तुझ्या वेळी निदान लेडीज डब्यात शिरता यायचं. आता आमच्या बायकोला दोन गाड्या सोडाव्या लागतात. अर्धी डोंबिवली उलटी कल्याणला जाऊन जागा धरून येते, आणि गाडी आमच्या फलाटावर लागते तेव्हा दारात उभं राहायलाही जागा नसते. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर काय झालं ते वाचलं असशील. शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. ते लटकत होते ते हौसेनं नाही. तेव्हा 'गर्दीची तक्रार नाही' हे वाक्य जरा जपून.

एवढं बोलून झाल्यावर तुझं एक म्हणणं मात्र मान्य करतो. आमच्याकडे हाल आहेत, पण हालांनाही वेळापत्रक आहे. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे रविवारच्या आधीच पेपरात छापून येतं. गाडी चुकली तर पुढची येते. ती उशिरा आली तरी रूळ सोडून कुठे जाणार? आणि मी आमच्या दारात दिसलो नाही तर दिव्यापर्यंत ग्रुपवर दोन मेसेज येतात, 'शेठ, झोपलात का?' तुझ्या थांब्यावर तुला कोण ओळखतं?

धायरीची_अनु | रात्री १०:२२

@सातबारा दादा, मुंब्र्याचं वाचलं होतं. माझा एक वर्गमित्र अजून त्याच वेळेला त्याच मार्गावर असतो, त्या दिवशी फोन लागेपर्यंत जिवात जीव नव्हता. 'तक्रार नाही' हे मागे घेते.

थांब्यावर मला एक आजोबा ओळखतात. आज धावले तेच.

टाचणी | रात्री १०:३०

गर्दीबद्दल बोलताय म्हणून. बायकांसाठी गर्दी आणि गर्दी यांत फरक असतो. माझ्या आईनं मला कॉलेजच्या पहिल्या दिवशी पासासोबत एक मोठी सेफ्टी पिन दिली होती, मी माझ्या मुलीला दिली. संध्याकाळी साडेआठनंतर आमच्या थांब्यावर दिवा नसतो. बस वीस मिनिटं उशिरा येते तेव्हा ती वीस मिनिटं आम्ही कशी उभी असतो हे ॲपवर दिसत नाही.

डेपोतले_आबा | रात्री ११:०५

अनुताई, नमस्कार. सहसा मी फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं, कारण तुमच्या त्या दोन बसपैकी एकीत मी ३४ वर्षं काढली आहेत. आधी वाहक, शेवटची अकरा वर्षं वाहतूक नियंत्रक. कुठल्या शहरात ते विचारू नका, पेन्शन सुखानं खायची आहे.

पहिला मुद्दा, दोन बस एकदम का येतात. लोकांना वाटतं चालक-वाहक चहा प्यायला बसतात आणि गप्पा मारत जोडीनं निघतात. असंही होतं, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा गाड्या डेपोतून बरोबर दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सुटलेल्या असतात. समजा पहिली गाडी एका सिग्नलला तीन मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात पाच-सात माणसं जास्त जमली. त्यांना चढायला वेळ, तिकिटांना वेळ, दार लागत नाही म्हणून 'आत सरका, आत सरका' करायला वेळ. गाडी आणखी मागे पडली, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं. मागच्या गाडीचं नेमकं उलटं. पुढचीनं सगळे उचलल्यामुळे हिला थांब्यावर दोनच माणसं मिळतात, ती भराभर सुटते. पाच-सहा थांब्यांत मागची पुढचीच्या शेपटीला लागते. कोणाचीही चूक नसताना हे होतं. एकदा जोडी जमली की ती आपोआप सुटत नाही.

दुसरा मुद्दा, भरलेली बस न थांबता का गेली. ताई, रागावू नका. कित्येकदा तसं मीच सांगितलेलं असायचं. मागून रिकामी येतेय, तू थांबू नकोस, पुढे काढ. पुढची गाडी मोकळी सुटली तरच दोघींत अंतर पडतं. नाही तर दोघी मिळून शेवटपर्यंत तशाच रखडतात आणि परतीच्या खेपेलाही जोडीनंच निघतात.

तिसरा, ॲपवरची चार मिनिटं. यंत्राला गाडी कुठे आहे ते कळतं, ती का थांबली आहे ते कळत नाही. अंतर भागिले नेहमीचा वेग, उत्तर चार. गाडी हलली नाही तर उत्तरही हलत नाही. आणखी एक गंमत: सकाळी गाडी बंद पडली, बदली गाडी दिली, पण कॉम्प्युटरमध्ये नंबर बदलायचा राहिला. मग तुम्हाला ॲपवर दिसते ती गाडी वर्कशॉपमध्ये चाकं काढून उभी असते.

धायरीची_अनु | रात्री ११:१६

आबा, म्हणजे ती गाडी माझ्या भल्यासाठी मला सोडून गेली?! मग 'मागची रिकामी येतेय' हे तुम्ही चालकाला सांगता, थांब्यावरच्या चाळीस माणसांना कोण सांगणार? आम्ही तर रस्त्याच्या मध्ये जाऊन हात हलवत होतो. आजोबांनी शिवी दिली, मी त्यांना पहिल्यांदाच शिवी देताना ऐकलं.

डेपोतले_आबा | रात्री ११:२१

शिव्या आम्ही पगारात धरलेल्या असतात.

तुमचा प्रश्न मात्र बरोबर आहे. सांगायची सोय आमच्या वेळी नव्हती. मी वाहकाला म्हणायचो, खिडकीतून हात काढून मागे बोट दाखव. काही दाखवायचे. त्याचा अर्थ लोक 'मागे मरा' असा घ्यायचे.

त्रैराशिक | मंगळवार, सकाळी ७:३२

आबांनी कारण सांगितलं, मी हिशेब सांगतो. (बसमधूनच लिहितोय, उभा आहे.)

तासाला सहा बस. सारख्या अंतरानं आल्या तर दर दहा मिनिटांनी एक, आणि तुम्ही केव्हाही थांब्यावर गेलात तर सरासरी वाट ५ मिनिटं. त्याच सहा बस जोडीजोडीनं आल्या तर दर वीस मिनिटांनी एक जोडी, वाट सरासरी १० मिनिटं. तिघी-तिघी आल्या तर १५. बस सहाच, डिझेल तेवढंच, पगार तेवढेच, कागदावर 'तासाला सहा फेऱ्या' हेही खरंच. वाट तिप्पट.

आता गर्दीचं बघा. पुढच्या बसमध्ये ५६ माणसं, मागच्या बसमध्ये ४. ऑफिसात बसून मोजणारा म्हणेल, सरासरी ३० प्रवासी, बसला जागा शिल्लक आहे, फेऱ्या वाढवायची गरज नाही. प्रवाशांना विचाराल तर साठातले छप्पन्न म्हणतील, श्वास घेता येत नव्हता. दोघंही खरं बोलतायत.

अनुताईंनी सरासरी १४ काढली ते बरं केलं, पण खरा आकडा ४१ हाच आहे. माणूस सरासरीवर घर सोडत नाही.

स्टुटगार्टचा_सदाशिव | मंगळवार, दुपारी १२:४०

'सरासरी'वरून आठवलं. मी सदाशिव पेठेतला, आता जर्मनीत. इथली रेल्वे वक्तशीर असते हा आपल्याकडचा समज मी सोबत घेऊन आलो होतो, पहिल्या हिवाळ्यात गळून पडला. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या ६२.५ टक्के. आणि 'वेळेवर' म्हणजे काय, तर सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. याहून भारी म्हणजे, जी गाडी रद्दच झाली ती या टक्केवारीत उशिराची धरत नाहीत. आलीच नाही, मग उशीर कसला?

पण शहरातली बस, ट्राम, लोकल रेल्वे या सगळ्यांना देशभर एकच मासिक तिकीट चालतं. मे २०२३ ला सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं. उशीर झाला तर फलाटावर तसं लिहून येतं, पुढचा पर्याय फोनवर येतो. उशीर आहे हे माहीत असलं की माणूस शांतपणे कॉफी घेतो. त्या अर्थानं अनुताईंचं दुखणं मला पटतं.

पेठेतला_पादचारी | दुपारी १:१५

आता मेट्रो आली ना तुमच्या स्वारगेटला? अजून किती लाड?

धायरीची_अनु | दुपारी १:४८

@पेठेतला_पादचारी, २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हा मी पेढे वाटले होते, खरंच. पूर्वी स्वारगेटहून पुढे दुसरी बस धरावी लागायची, ते गेलं. जिल्हा न्यायालय स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे, तिथून सरकत्या जिन्यांनी वर यायलाच पाच मिनिटं जातात, तरी मला ते आवडतं. कारण ती पाच म्हणजे पाचच असतात.

पण मेट्रो स्वारगेटला आहे आणि मी धायरीत. घरापासून मेट्रोपर्यंत न्यायचं काम कोणाचं? पेठेत राहणाऱ्याला चालत जाता येतं, म्हणून तुमचा आयडी पादचारी.

बुलेटराजा | दुपारी २:०२

सिंहगड रोडला उड्डाणपूल झालाय की. बस वरून सुसाट जायला पाहिजे.

डेपोतले_आबा | दुपारी २:३०

राजे, पूल गाड्यांसाठी असतो. मधले थांबे घेणारी बस पुलावरून गेली तर खालच्या थांब्यांवरच्या लोकांनी काय पुलाखालून टाटा करायचा? ज्या बसला थांबे घ्यायचे ती खालूनच जाणार. पूल झाल्यावर खालचा रस्ता मोकळा झाला असता तर बसचं भलं झालं असतं. खाली हातगाड्या आणि रिक्षा उभ्या राहतात.

ताईंची बस पन्नास पावलं पुढे का थांबली तेही यातच आलं. थांब्याला तीन रिक्षा लागलेल्या असतात. मागे थांबली तर मागची वाहनं हॉर्न वाजवतात, म्हणून मोकळी जागा दिसेल तिथे चालक गाडी घालतो.

गुडघ्याची_वाटी | दुपारी ३:१०

त्या पन्नास पावलांवर माझ्यासारख्यांची बस सुटते. वय ६८. गाडी फूटपाथला लागत नाही, रस्त्याच्या मध्ये थांबते, पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. वाहक 'चला आजी लवकर' म्हणतो, तो मनानं वाईट नसतो. बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गावरच्या, थांब्यांवर मला फार बरं वाटायचं. उंच ओटा आणि बसचं उजवीकडचं दार, एका पातळीत. चालत आत जायचं. नगर रस्त्यावरचे ते थांबे काढून टाकले त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, आता माझं बाहेर जाणं तुझ्या गाडीवर.

अकोला_नव्हे_अकोले | मंगळवार, रात्री ८:२०

सगळं वाचलं. राग मानू नका, पण वाचताना थोडं हसू येत होतं. तुमच्याकडे एक बस न थांबता गेली तर मागून दुसरी येते.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी असायची. रात्री साडेआठला यायची, चालक-वाहक शाळेच्या ओट्यावर झोपायचे, कोणी ना कोणी भाकरी नेऊन द्यायचं. सकाळी सहाला तीच गाडी दूध, पोरं आणि कोर्टाची कामं घेऊन तालुक्याला. लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच. आता पहिली गाडी साडेनऊला फाट्यावर येते, आणि फाटा गावापासून तीन किलोमीटर. कॉलेजचा पहिला तास आठचा. बहिणीची मुलगी अकरावीला आहे, ती काळ्या-पिवळ्या जीपनं जाते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. भरल्याशिवाय म्हणजे चौदा. तिच्या वर्गातल्या तिघींनी बारावीआधीच सोडलं. घरच्यांनी कारण 'अभ्यासात गती नाही' असं सांगितलं. गती जीपला नाही.

तुमची ती ४१ मिनिटं आमच्याकडे लिहायची ठरवली तर वहीला पानं पुरायची नाहीत.

धायरीची_अनु | रात्री ८:४१

ताई, यावर मला काही बोलता येत नाहीये. मुलगी सकाळी जीपला किती वाजता निघते?

अकोला_नव्हे_अकोले | रात्री ८:५२

सहा वाजता. पूर्वी गाडी निघायची त्याच वेळेला. सवय.

टाचणी | रात्री ९:०५

माझी आई तिकडचीच, संगमनेरची. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती दर महिन्याला स्वतःच्या पैशानं, कोणाला न विचारता माहेरी जाऊन येते. भाऊ सोडायला तयार असतो तरी बसनंच जाते. गाडी असली की बाई घराबाहेर पडते. नसली की मुलीला अभ्यासात गती नसते.

त्रैराशिक | बुधवार, सकाळी ७:४०

भाड्यावर कोणीच बोललं नाही. २०१९ च्या जुलैत मुंबईत बेस्टनं किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं, तेव्हा लोक बसकडे परतले. मे २०२५ मध्ये तेच १० झालं. पुण्यात १ जून २०२५ पासून टप्पे बदलले आणि मासिक पास ९०० चा १५०० झाला. माझं मत विचाराल तर भाडं वाढवा, पण बस वेळेवर द्या. दोन्हींपैकी वाढ तेवढी लगेच होते.

बुलेटराजा | सकाळी ९:१२

मला महिन्याला पेट्रोल ३५०० लागतं. कोणी विचारलं नाही, सांगून ठेवलं.

सातबारा | सकाळी ९:३०

@बुलेटराजा, विचारणार होतोच. म्हणजे तुम्ही आता कुठे अडकला आहात?

बुलेटराजा | सकाळी ९:३३

राजाराम पूल.

डेपोतले_आबा | बुधवार, दुपारी ४:००

अनुताई, तक्रारी पुष्कळ झाल्या, एक उपाय सांगतो. करून बघा.

तुम्ही धायरीच्या आतल्या रस्त्यावर उभ्या राहता. तिथे फक्त धायरी गावातून सुटणाऱ्या गाड्या. दोन वाटा आहेत. एक, दोन थांबे मागे चालत जा, गाडी जिथून सुटते तिथे. तिथे नियंत्रक असतो, त्याला तोंडी विचारा. ॲपपेक्षा त्याचं ऐका. जागाही मिळेल. दुसरी वाट, पुढे फाट्यावर या. तिथे खडकवासल्याकडून येणाऱ्या गाड्याही मिळतात. जागा मिळणार नाही, पण गाडी मिळेल. मागे गेलं तर जागा, पुढे गेलं तर गाड्या. मध्ये उभं राहिलं तर दोन्ही नाही.

आणि तक्रार कराल तेव्हा 'बस येत नाही' असं लिहू नका. गाडीचा नंबर, मार्ग, थांबा, तारीख, वेळ. तुमची ती पंधरा दिवसांची नोंद जशीच्या तशी पाठवा. 'प्रवाशांत असंतोष' असं लिहिलेला कागद वरच्या वर फाइलला लागतो. वेळा लिहिलेल्या असल्या की कोणाला तरी त्या दिवसाची लॉगशीट काढून उत्तर लिहावं लागतं. मी लिहिली आहेत. फार कंटाळवाणं काम असतं, म्हणून पुढच्या वेळी माणूस जरा बघतो.

धायरीची_अनु | पुढचा गुरुवार, रात्री १०:१०

अहवाल सादर करते.

तीन दिवस मागे गेले. नियंत्रक साहेब खुर्चीवर होते. पहिल्या दिवशी 'येईल' म्हणाले. दुसऱ्या दिवशी 'आठला सुटेल' म्हणाले आणि आठ चारला सुटली. तिसऱ्या दिवशी मला बघून स्वतःच म्हणाले, 'आज पहिली नाही, चालक आला नाही, तुम्ही फाट्यावर जा.' एवढ्यासाठी मी त्यांना दिवाळीत फराळ देणार आहे. तो अर्धा तास मी वाट बघत उभी राहिले असते.

दोन दिवस फाट्यावर. वाट अनुक्रमे ६ आणि ९ मिनिटं. दोन्ही दिवशी दारात उभी. डोंबिवलीची सवय कामी आली, शेजारच्या मुलीला आत कसं सरकायचं ते शिकवलं.

नोंद पाठवली, सगळ्या तारखा-वेळांसकट. पोच आली आहे, उत्तर नाही.

ऑफिसात साहेबांना विचारलं, साडेनऊऐवजी दहाला आले आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबले तर? म्हणाले, बाकीचे कसे वेळेवर येतात? बाकीचे म्हणजे ते. त्यांची गाडी तळघरात उभी असते.

आणि एक प्रश्न. उद्या माझा मासिक पास संपतोय. नवा काढू?

त्रैराशिक | रात्री १०:१९

धायरी-स्वारगेट तुम्हाला २० रुपये पडतात ना? जाऊन-येऊन ४०. कामाचे दिवस २२. झाले ८८०. पास १५००. काढू नका. जुना ९०० चा होता तेव्हा बरोबरीत सुटायचा.

सातबारा | रात्री १०:२३

महिन्यातून ३८ दिवस कामावर जा, पास वसूल.

धायरीची_अनु | शुक्रवार, रात्री ९:३०

नाही काढला. अकरावीपासून आज पहिल्यांदा पर्समध्ये कुठलाच पास नाही. पासाच्या कप्प्यात आता औषधाची चिठ्ठी ठेवलीय.

सकाळी तिकिटासाठी शंभराची नोट दिली तर वाहक म्हणाले, सुटे द्या नाहीतर उतरा. आजोबांनी वीस रुपये दिले माझे. आता सुट्यांवर वेगळा धागा काढू का?

डेपोतले_आबा | रात्री ९:३४

काढाच. वाहकाच्या बाजूनं मला बरंच बोलायचं आहे.